सातव्या प्रश्नाखालची लिंक

— नवस बोलले होते मी, ताई, दुसरं काही नाही. तुम्ही आत्ता दारातच विचारलंत ना, 'काकू, क्विझ बनवायचं हे तुमच्या डोक्यात आलं कुठून' — तर नवसातून आलं. बसा ना. ती खुर्ची नको, ती डुगडुगते, हिच्यावर बसा. माझी थोरली बहीण, अक्का — तिचे यजमान गेले आणि तिनं बोलणंच सोडलं. रडली नाही, जेवण टाकलं नाही, घर झाडायची, पुसायची, देवाचं सगळं करायची, पण तोंडातून शब्द नाही. मी इथं, ती दुसऱ्या गावाला, जायचं म्हटलं तर अख्खा दिवस प्रवासात. रोज फोन करायचे मी, आणि पलीकडे नुसता तिचा श्वास. शेवटी एकदा देवासमोर बसले आणि म्हटलं, बाबा रे, तिच्या तोंडून एक शब्द काढ, एकच, मग तू जे काम सांगशील ते मी आठवड्याच्या आठवड्याला जन्मभर न चुकता करीन. आता देव काय काम सांगणार, सांगा! दुसऱ्या दिवशी फोनवर मला काही सुचेना, म्हणून मी आपली बडबडत सुटले — म्हटलं, अक्का, आज कुठंतरी वाचलं बाई, मुंगीला म्हणे आठ पाय असतात. आणि पलीकडून आवाज आला — "काहीतरीच! सहा." इतक्या दिवसांनी पहिला शब्द, आणि तो 'काहीतरीच'! तिला लहानपणापासून चुकीचं ऐकवतच नाही. आई सुद्धा म्हणायची, हिच्यासमोर खोटं बोलायचं असेल तर आधी अभ्यास करा. तर मला काम कळलं. त्या आठवड्यापासून दहा प्रश्न. ताप असो, पाहुणे असोत, दहा प्रश्न.

नाही, तुमच्या साइटवर नव्हते घालत तेव्हा, साध्या फोनवरच विचारायचे. साइटवर कशासाठी आले तेही सांगते — म्हणजे सांगायचं नव्हतं खरं तर, पण आता तुम्ही एवढ्या जिने चढून आलात. अक्का म्हणायला लागली, "धाकटे, माझ्या एकटीसाठी कशाला गं एवढी शिणतेस, बंद कर आता." ती तशीच आहे, आपल्यापायी कुणाला त्रास होतोय असं वाटलं की ती पानावरून उठेल. मग आमचे हे म्हणाले, अगं, तिला वाटू दे की पुष्कळ लोक आहेत, त्यातली तीही एक. ह्यांनीच तुमच्या साइटवर खातं काढून दिलं. आणि लोक आले की हो खरंच! तुम्ही मघाशी फार कौतुकानं सांगितलंत, 'काकू, तुमच्या प्रश्नांना आमच्याकडे सगळ्यात जास्त माणसं येतात' — येऊ देत, देव त्यांचं भलं करो, मी त्यांनाही काही उणं देत नाही. पण ती सगळी अक्काला एकटं वाटू नये म्हणून बोलावलेली मंडळी आहेत, ताई. तुम्ही हसताय. हसा. तुमच्या हातातल्या त्या कागदावर तसं नसेल लिहिलेलं.

हो, वाचला मी तो कागद. फोनवर आला होता तेव्हाही वाचला. पुढल्या महिन्यापासून प्रत्येक क्विझमध्ये निदान तीन बाहेरच्या व्हिडिओच्या लिंक, नाहीतर क्विझ पहिल्या पानावर नाही. कारण काय, तर लोकांना हलतं दिसलं की लोक रमतात. मग मी म्हणते, रमतात कुठं? तुमच्याकडे रमतात का? तुमच्या पानावरून माणूस उठून दुसऱ्याच्या घरात जाऊन बसला, तर तो तुमच्याकडे रमला असं कसं म्हणायचं? मला कळत नाही म्हणा, मी घरात बसणारी बाई. पण प्रश्न म्हणजे काय असतं हो? मी विचारलं, तुम्ही थांबलात, वर बघितलंत, जिभेच्या टोकावर आहे पण येत नाही — ते जे थांबणं आहे ना, त्यातच सगळी गंमत. माणूस त्या वेळी स्वतःच्या आत जाऊन काहीतरी शोधत असतो. आणि तुम्ही नेमकं त्याच वेळी त्याच्या खांद्यावर टकटक करून सांगता, अहो, इकडे बघा, इथं एक माणूस नाचतोय!

नाही, मी व्हिडिओच्या मुळावर उठलेली नाही. हट्टी आहे असं नका समजू, आमच्या घरात हट्टी म्हणून नाव आहे ते अक्काचं. काही गोष्टी शब्दांत नाहीच सांगता येत, हे मलाही पटतं. म्हणून तर घातली ना मी ती लिंक! तुमच्याच ऑफिसातून कुणीतरी सारखं लिहीत होतं, 'काकू, एखादी तरी द्या, एखादी तरी.' मी म्हटलं बरं. सातवा प्रश्न — हा आवाज कोणत्या पक्ष्याचा? आणि खाली लिंक, ऐका आणि ओळखा. कोतवाल पक्षी असतो ना, काळा, दुभंगलेल्या शेपटीचा — तो दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. ऐकणाऱ्याला वाटावं ससाणाच आला. आता हे लिहून कसं सांगणार? फार गोड व्हिडिओ होता. छोटासा. मी स्वतः बघितला, दोनदा बघितला, मगच घातला. पक्षी संपला की मी फोन बंद केला. कुणीही तेच करील ना? तुम्ही तेच कराल. हे तेच करतील. अक्का नाही करणार.

आता हे तुम्हाला कसं समजावू — आमची आई देवाचं वाचायला बसली की आम्ही दोघी समोर. आणि एकच धाक, वाचन चालू असताना उठायचं नाही. पाय बधिर होऊ दे, तहान लागू दे, सुरू झालेलं अर्धवट टाकून उठणं म्हणजे सांगणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. मी जरा सुटले त्यातून, लग्न झालं, मुलं झाली, कुकरच्या शिट्टीला उठावंच लागतं. पण अक्का अजून तशीच. फोनवर चुकून कुणी कर्ज विकायला आलं तरी ती त्याचं पूर्ण ऐकून घेते, आणि वर म्हणते, बरं सांगितलंस हो, मला नकोय. तर अशी ही माझी अक्का सातव्या प्रश्नाखालच्या लिंकवर गेली. पक्षी ऐकला. पक्षी संपला. आणि ताई, तुमच्या त्या बाहेरच्या ठिकाणी एक संपलं की दुसरं आपोआप लागतं. लागलं. तिला वाटलं, प्रश्न चालूच आहे.

संध्याकाळी तिचा फोन. "धाकटे, आज तुझा सातवा प्रश्न फार लांबला गं." म्हटलं, लांबला म्हणजे? तर म्हणते, "पक्षी छान होता. पण मग तो भांडीवाला कशासाठी ठेवलास ते कळलं नाही. तेलाशिवाय तळत होता, म्हटलं त्यात काही खूण असेल. मग तो टकलावर केस आणणारा. मग एक बाई नुसतीच रडत होती, तिचं फार वाईट वाटलं मला. मी सगळं लक्ष देऊन बघितलं हो. पण उत्तर काय होतं शेवटी?" मी हसले, ताई. खोटं कशाला बोलू, पोट धरून हसले. ह्यांना हाक मारून सांगितलं, हेही हसले. तिकडे प्रश्नांची वेळ केव्हाच संपली होती, सातवा, आठवा, नववा, दहावा — चारींना भोपळा, आणि तिला आयुष्यात भोपळा माहीत नाही. त्याचंही आम्ही हसण्यावारी नेलं. आणि मग ती म्हणाली, "पण त्या पांढऱ्या कोटातल्या माणसाचं मात्र पटलं मला. तू पाठवलंस ते फार बरं केलंस."

तिथं माझं हसू गेलं.

कोण तो माणूस, देव जाणे. गळ्यात नळी, मागं कपाट, बोलणं मधासारखं. म्हणे रक्तदाबाच्या गोळ्या — अक्का घेते त्याच — म्हणजे रोजचं विष. म्हणे मी सांगतो त्या पाल्याचा काढा सकाळी उपाशीपोटी घ्या. आणि — इथं बघा, ताई, इथं मला खरा राग येतो — म्हणे हात जोडा, मनोभावे संकल्प करा, आणि एवढे दिवस गोळीला स्पर्श करू नका. मध्येच मोडाल तर फळ नाही. आता तुमच्यासारख्यांना सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, चल, हट. पण आम्ही नेमाधर्माच्या बायका. आम्हाला गोळी सोडा म्हटलं तर आम्ही डॉक्टरांना विचारू. संकल्प करा म्हटलं की आम्ही डोळे मिटतो. आमच्याच शब्दानं धरलं हो आम्हाला. तिनं त्याच वेळी देवासमोर उभं राहून संकल्प केला. अक्का, आणि संकल्प. तो आता आभाळ पडलं तरी मोडायचा नाही.

मी काय काय केलं म्हणता? काय नाही केलं ते विचारा. म्हटलं, अक्का, तो माणूस माझा नव्हे, मी पाठवलाच नाही. तर म्हणते, "तुझ्या पानावरून आला ना? तुझ्या दारातून जो आत आला तो तुझाच पाहुणा." म्हटलं, अगं, पक्ष्यापर्यंत माझं, पुढचं माझं नाही. तर म्हणते, "तसं तिथं लिहिलं होतं का? इथून पुढं माझं नाही, असं?" नव्हतं लिहिलेलं. तुम्ही लिहीतच नाही, ताई! एक ओळ, एवढीशी ओळ, की ह्यापुढं जे दिसेल ते आमचं नव्हे, पक्षी ऐकून परत या. मी तुमच्या ऑफिसला पत्र टाकलं, परत टाकलं, परत टाकलं. उत्तर काय आलं? आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. तिन्ही वेळा तेच. तिसऱ्या वेळी मी ह्यांना म्हटलं, हे माणूस नाही हो, हा कोतवाल आहे.

तिच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी इथून फोन करून सांगितलं. बिचाऱ्या घरी गेल्या तिच्या. दाब मोजला, वर गेलाय, पुष्कळ वर गेलाय. त्या रागावल्या असतील, बोलल्या असतील. अक्का त्यांना काय म्हणाली माहितेय? "डॉक्टरीणबाई, तुम्ही त्या माणसाचं पूर्ण ऐकलंत का?" त्या म्हणाल्या, असलं ऐकायला मला वेळ नाही. झालं! "मग न ऐकता त्याला खोटं कसं ठरवता?" त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. शेजारीण सांगते, सकाळी उठली की भिंत धरून चालते. मला फोनवर मात्र, छान आहे, जरा गरगरतं, ते काढा लागू पडतोय म्हणून असेल.

नाही, तुम्ही घ्या, चहा गार होईल तुमचा. मी नाही घेत. अक्का गोळी घेईपर्यंत मी चहा सोडलाय. हे म्हणतात, दोघी बहिणी नेम धरता आणि डोकं तिसऱ्याचंच दुखतं. त्यांचं बरोबरही आहे, चहा सोडल्यापासून मी त्यांच्यावर उगाच खेकसते. पण मी म्हटलं, ती एक सोडून बसलीय, मीही एक सोडते, देवाला दोघींचा तराजू दिसू दे.

आणि म्हणूनच क्विझ थांबवलं, ताई. माझाही नवस मोडतोय त्यात, कळतंय मला. तुम्हाला वाटतं, काकू रुसल्या. रुसवा कुठला? दहा प्रश्न आत्ता तयार आहेत. पण मी पाठवले तर तुम्ही त्याखाली तीन दारं उघडणार, आणि अक्का तिन्हींत जाणार, आणि प्रत्येकात शेवटपर्यंत बसणार. तुमची बाकीची माणसं शहाणी आहेत, ती पक्षी ऐकून परत येतील. पण मी तर ह्या एकीसाठी मांडलंय सगळं. आवाज ऐकवायचा तर तुमच्याच पानात ठेवा ना, तेवढाच तुकडा, संपला की पुढचा प्रश्न. काय म्हणता? तसं केलं तर त्या व्हिडिओवाल्यांची माणसं वाढत नाहीत, आणि त्यांची वाढली नाहीत तर — बरं. बरं. मला नाही कळायचं ते. तुम्हाला कळतं तर तुम्हीच अक्काला सांगा.

थांबा, एक राहिलं. मुख्य तेच राहिलं. परवा दुपारी मी स्वतः बसले. म्हटलं, अक्काला पूर्ण ऐकलेलं माणूस पाहिजे ना, मी ऐकते. स्वयंपाकघरात, खिडकीपाशी, फोन डब्याला टेकवून. नेम केला, काहीही लागो, उठायचं नाही. कोतवालापासून सुरू. भांडीवाला आला, टकलाचा केसवाला आला, रडणारी बाई आली — तीच ओळ, त्याच क्रमानं, नशीबच म्हणायचं. कुकर लावला होता तो हे येऊन उतरवून गेले. आणि मग पांढरा कोट. ऐकलं. हात जोडा म्हणाला, तेव्हा माझेही हात उचलले गेले हो, सवयीनं! खाली घेतले. आणि त्याचं बोलणं संपलं, वाजंत्री सुरू झाली, आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, वरती सरकत गेलं — हे सादरीकरण केवळ मनोरंजनासाठी आहे, यातील व्यक्ती कलाकार आहे, औषधांबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे. कलाकार! मी ताडकन फोन लावला. अक्का, शेवटी आलेलं वाचलंस का? तर म्हणते, "शेवट कुठला? त्याचं बोलणं चालू होतं आणि माझा फोन मेला. चार्जिंग संपलं." बघा तुम्ही! जन्मात काही अर्धवट न टाकलेली बाई, आणि हे एकच अर्धवट राहिलं, तेही तिनं नाही टाकलं, बॅटरीनं टाकलं. म्हटलं, मग तुझ्याच नियमानं तू पूर्ण ऐकलेलं नाहीस, संकल्प लागूच होत नाही. मला वाटलं, जिंकले. आणि मग म्हणते, "तुला मला गोळी चारायचीय, धाकटे, तू काहीही सांगशील. मुंगीला आठ पाय सुद्धा सांगितले होतेस." म्हटलं, मग तू परत बघ. तर म्हणते, "केलेला संकल्प परत तपासायचा नसतो."

उठताय कुठं? बसा. मी तिला लावतेच आहे फोन, तुम्ही साइटच्या मोठ्या बाई आहात, तुमचं ती ऐकेल. एवढंच सांगा, तो माणूस आमचा नव्हे. ऑफिसला विचारावं लागेल? ताई, ती भिंत धरून चालते. — हां, अक्का? मी बोलतेय. घेतलीस का? … बरं, नाही. बरं. गरगरतंय? … ऐक, माझ्या घरी साइटच्या ताई आल्यात, संपादिका, हो, त्याच ज्या ते पान चालवतात. त्यांना काही सांगायचंय तुला. देते. घ्या, ताई. बोला. एवढं एक वाक्य. …

काय म्हणाली? द्या, द्या इकडे. — हां, अक्का. … हो, खरंच त्या मोठ्या आहेत. … नाही, त्यांनी नाही बघितलेलं. … अगं पण — … बरं. … शब्द देतेस? देवासमोर? … तिथंच बैस मग, उभी राहू नकोस, पाणी जवळ घे. गोळीची डबी कुठाय? ती पण जवळ घे. नुसती जवळ गं, कोण म्हणतंय खा. बरं. ठेवते.

ऐकलंत ना, ताई? ती म्हणते, त्या बाईंचा माझ्या गोळीशी काही संबंध नाही, त्या मला खोटं सांगायच्या नाहीत. त्यांनी पक्ष्यापासून सगळं बघावं, मध्ये न उठता, आणि शेवटी काय लिहिलंय ते त्यांच्या तोंडानं सांगावं. कलाकार असेल तर ती लगेच घेते. देवासमोर शब्द दिलाय तिनं, आणि अक्काचा शब्द म्हणजे काय ते आता तुम्हाला मी सांगायला नको.

मीटिंग राहू दे. त्या कागदाचं नंतर बघू, तीन म्हणा, तेरा म्हणा, मी आत्ता भांडत नाही. मी केलं तेवढंच तुम्ही करा. हात नाही जोडले तरी चालेल, मनातल्या मनात म्हणा, सुरू केलं की शेवटपर्यंत, काहीही लागो, उठायचं नाही. हा घ्या फोन. पूर्ण चार्ज आहे. आवाज वाढवलाय. आता मी एक शब्द बोलणार नाही.